दरपत्रक दर्शनी भागात हवेच

महोदय,
शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून रुग्णहक्क सनद व प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. नाशिकमधील एका खासगी रुग्णालयात वहिनींना दाखल केले, तेव्हा काउंटरमागे देवाचा फोटो आणि कॅलेंडर होते, दरपत्रक कुठेच नव्हते. विचारले तर ‘आधी डिपॉझिट भरा, मग बघू’! पेठ-सुरगाण्याहून पेशंट घेऊन आलेल्या शेतमजुराने अशा वेळी कोणाशी वाद घालायचा? हे रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का, हेही त्याला दारातच कळले पाहिजे. नोंदणीचे नूतनीकरण करताना महापालिकेने दरफलक प्रत्यक्ष जाऊन पाहावा, नुसत्या कागदावर सही करू नये.
– एक वाचक, पंचवटी, नाशिक