वाचनालयाच्या संगणक खोलीसाठी मदतीचे आवाहन

गावात राहणाऱ्या, बेळगावात घर केलेल्या आणि पोटासाठी पुणे, मुंबई, गोवा, बेंगळूर गाठलेल्या सर्व बंधू-भगिनींना वाचनालय समितीचा सप्रेम नमस्कार.

यंदा वर्गणी मागतो आहोत ती पुस्तकांसाठी नाही, संगणकांसाठी. दोघा-तिघा जुन्या सभासदांनी तोंडावरच विचारलं, वाचनालयाला हे उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत सरकारी कारभार जवळजवळ सगळा ऑनलाइन झाला. त्याने भलं झालंच नाही असं कुणी म्हणणार नाही. भूमी योजनेत कर्नाटकाने जमिनीचे उतारे संगणकावर घेतले, तेव्हा तलाठ्याच्या मागे फिरणं सुटलं आणि १५ रुपयांत छापील उतारा हातात पडू लागला. पण तेव्हा संगणकासमोर कचेरीतला माणूस बसलेला असे. आता ते काम आपल्यावरच आलं आहे, आणि ज्याला जमत नाही तो दुसऱ्याला पैसे मोजून करून घेतो.

आपल्या वाडीतल्या एका मावशींचं बघा. कर्नाटक सरकार घरच्या कर्त्या बाईला देतं ते गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये अडकले. केवायसी, म्हणजे ओळख पटवून द्या म्हणाले. त्यासाठी मावशींनी खानापूरचं ऑनलाइन अर्जांचं सेंटर गाठलं. जन्मभर भातलावणी केली, काजू फोडले. बोटांवरच्या रेषा पार झिजल्यात. यंत्रावर अंगठा उठेना. मग ओटीपी. तो जातो मुलाच्या फोनवर, मुलगा म्हापशाला बेकरीत, भट्टीसमोर असताना फोन कुठला उचलणार? ओटीपीची वेळ टळली. पुन्हा दुसऱ्या दिवशी खानापूर. राज्याच्या शक्ती योजनेमुळे बायकांना सरकारी बसला पैसे पडत नाहीत, तेवढाच दिलासा. पण बुडालेला रोज आणि सेंटरवाल्याचे पैसे गेलेच. सेंटरवाला काही चोर नव्हे, त्यालाही पोट आहे. तरी पैसा वाहतो कुठून कुठे, ते लक्षात घ्या: ज्याच्याकडे कमी, त्याच्या कनवटीतून.

रोजगार हमीचंही तेच झालं. १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घ्यायचा नियम आला. आपल्याकडे रेंज शोधायला टेकाडावर चढावं लागतं. फोटो गेला नाही की घाम गाळूनही हजेरीचा घोळ.

दुसरी बाजूही आपल्याच गावात आहे. इथली पोरं इंजिनिअर होऊन बेंगळूर-पुण्यात महिन्याला जे मिळवतात, ते घरच्या शेतात वर्षभर राबून सुटत नाही. त्यांचा आम्हाला अभिमानच आहे. गंमत अशी, की राज्यभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांना पदव्या देणारं, १९९८ साली स्थापन झालेलं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ इथे बेळगावजवळ मच्छेलाच आहे. विद्यापीठ बेळगावात, नोकऱ्या बेंगळुरात, आणि मधल्या वाड्यांत ई-मेल कसा पाठवायचा हे शिकवणारं कुणी नाही. यान टिनबर्गन या अर्थशास्त्रज्ञांनी पन्नास वर्षांपूर्वीच मांडलं होतं, की ही तंत्रज्ञान आणि शिक्षण यांची शर्यत आहे. शिक्षण मागे पडलं की शिकलेल्याचा भाव चढतो, बाकीच्यांचा पगार जागच्या जागी राहतो.

बायकांचं तर विचारूच नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका २५ टक्केसुद्धा भरल्या नाहीत. पुरुष जवळपास ४९ टक्के होते. मोबाइल घरात एक, आणि तो घरच्या पुरुषाच्या खिशात.

मोबाइलने गरिबाचं उत्पन्न वाढतच नाही, असंही नाही. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ नंतर मोबाइल पोचला. मच्छीमार समुद्रातूनच बंदरांवरचे भाव विचारू लागले, न विकलेली मासळी फेकून देणं थांबलं. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासानुसार मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्तही मिळाली. तिथे नुसतं बोलून भागत होतं, आणि तेही आपल्या भाषेत. आपल्याकडे अर्ज भरायचा, तोही कन्नड नाहीतर इंग्रजीत. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने काय करायचं?

म्हणून वाचनालयाची मागची खोली मोकळी केली आहे. संध्याकाळी तिथे कुणीही यावं, अर्ज फुकट भरून मिळेल. पण नुसता भरून देणार नाही, शेजारी बसवून दाखवू. सुट्टीच्या दिवशी आठवीच्या पुढच्या मुलींना संगणक शिकवायचा आहे; आईचा अर्ज मुलीने भरावा, ही आमची खरी इच्छा.

यासाठी पाच चालू स्थितीतले लॅपटॉप हवेत. चालू म्हणजे चार्जरसकट चालू. मागे एकदा माळ्यावरची अडगळ आमच्या दारात आली होती, तशी कृपया नको. पावसाळ्यात इथली वीज दोन-दोन दिवस जाते, तेव्हा इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. एक प्रिंटर, इंटरनेटचं वर्षाचं भाडं, आणि शिकवणाऱ्या मुलीला थोडंफार मानधन. सगळ्यात जास्त गरज आहे ती कन्नड आणि मराठी दोन्ही सफाईने वाचणाऱ्या माणसांची. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातली एक संध्याकाळ दिली तरी मोठा आधार होईल. बेंगळूर-पुण्याच्या मुलांनी महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर शिकवायला बसावं. पैसे पाठवले की सुटलो, असं समजू नये.

उचगाव, कडोली, येळ्ळूरची साहित्य संमेलनं गावकऱ्यांच्या वर्गणीवर उभी राहतात. त्यामानाने ही खोली किरकोळ आहे. शंभर रुपयेही चालतील, भाताचं पोतंही चालेल. रोख वर्गणी वाचनालयातच द्यावी आणि पावती मागून घ्यावी. पावतीशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नयेत, समितीच्या माणसाच्यासुद्धा. जमाखर्च दर महिन्याला वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. बेळगाव शहरातलं सामान आम्ही टेंपो करून घेऊन येऊ. पुणे-मुंबईकरांनी गणपतीला गावी येताना आपापले लॅपटॉप सोबत आणावेत, आत काही खाजगी फोटो-कागद असतील तर आधी काढून टाकावेत.

आपली,
वाचनालय समिती