चि. सानिका, नाशिकहून

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना मी "आणि उद्या क्लबच बंद पडला तर?" असं म्हणालो आणि तू भाताचं ताट तसंच ठेवून उठलीस. नाशिकरोडला गाडी यायला वेळ होता, तरी आपण दोघं डब्याचा नंबर सोडून दुसरं काही बोललो नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा टाकून मोकळी झाली असतीस, म्हणून कागद घेतलाय. अक्षर लागेल तसं लाव.

हॉस्पिटलची नोकरी सोडून तू केरळातल्या फुटबॉल क्लबची फिजिओ झालीस, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. ते आईचं बोलून झालंय आणि उरलेलं अण्णा रविवारी येऊन बोलतील. मला महिंद्रा युनायटेडबद्दल, मुंबईच्या त्या जुन्या फुटबॉल क्लबबद्दल, सांगायचंय. तू म्हणशील, बाबा, जन्मापासून तेच ऐकतेय. पण तू ऐकलंस ते गोलांचं.

सातपूरला महिंद्राच्या गाड्या बनायच्या आणि आमच्या अंबडच्या प्रेस शॉपमधून त्यांचे ब्रॅकेट जायचे, एवढंच आमचं नातं. तरी पेपरात त्या टीमला 'जीपमेन' म्हटलेलं वाचलं की छाती फुगायची. शॉपमधले सगळे क्रिकेटवाले, ते हसायचे. म्हणायचे, टीम मुंबईची, तू नाशिकचा, तुझा काय संबंध? ब्रॅकेट दाखवायचो त्यांना.

ती टीम 1962 पासूनची, तेव्हा नाव महिंद्रा अँड महिंद्रा. मुंबईत अशा कंपन्यांच्या टीम भरपूर होत्या. मफतलाल, टाटा, रेल्वे, एअर इंडिया, बँका. पोरगा चांगला खेळला की त्याला नोकरी लागायची. आणि हे नीट वाच, गुडघा गेला तरी नोकरी राहायची. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी टेबल, साठाव्या वर्षी ग्रॅच्युइटी. 1998 चा ड्युरँड कप, म्हणजे फुटबॉलची ती जुनी मानाची स्पर्धा, त्यांनी त्याच जुन्या नावाने जिंकला. मग नाव बदलून महिंद्रा युनायटेड झालं, परदेशी कोच आला, परदेशी खेळाडू आले, पगार कॉन्ट्रॅक्टवर. 2001 मध्ये पुन्हा ड्युरँड. 2003 मध्ये फेडरेशन कप, तीही देशभरच्या क्लबांची स्पर्धा. नोकरीची भानगड गेली म्हणून खेळ सुधारला, असं तेव्हा मीच सगळ्यांना सांगत फिरायचो.

2005-06 सालच्या त्या हंगामासारखं सुख मला दुसऱ्या कशातून मिळालं नाही. आईला हे सांगू नकोस. डेरिक परेरा कोच. पुढे ब्राझीलचा बरेटो आणि घानाचा याकुबू, उजवीकडे आपल्या मुंबईचा स्टीव्हन डायस. फेडरेशन कपही घेतला आणि नॅशनल लीगही, म्हणजे तेव्हाची देशातली सगळ्यांत वरची लीग. त्याआधी लीग जिंकली होती ती पंजाबच्या जेसीटीने, कोलकात्याच्या दोघांनी आणि गोव्याच्या क्लबांनी. मुंबईचं नाव त्या यादीत पहिल्यांदा लागलं. सुट्टी जुळली की आपण पंचवटी एक्स्प्रेसने निघायचो, सीएसटीला उतरून कूपरेजच्या मैदानापर्यंत चालत. तू खांद्यावर. परतीची पंचवटी पकडायची म्हणून शेवटची दहा-पंधरा मिनिटं सोडून पळायचो, त्यामुळे कितीतरी निकाल मला दुसऱ्या दिवशी पेपरातच कळले. आणि तू! तू तर मैदानाकडे पाठ करून मागच्या बाकावरच्या मुलांशी चिवड्याची वाटणी करत बसायचीस. बरेटो पाहिलाय असं मैत्रिणींना सांगतेस ते खरं, पण त्याची पाठसुद्धा तुला आठवत असेल असं वाटत नाही.

2007 मध्ये एएफसी कपच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. 2008 मध्ये आणखी एक ड्युरँड. आणि 2010 मध्ये क्लब बंद.

हरून हरून बंद पडला असता तर मला समजलं असतं. तसं काही नव्हतं. ठरलं आणि झालं. कंपनी म्हणाली, यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर खर्च करू. वाईट काय त्यात? पैसा त्यांचा, टीम त्यांची. पण त्या क्लबाचा सगळा संसार एकाच खिशावर होता हे मला तोवर कळलंच नव्हतं. कूपरेजला आम्ही होतो तरी किती, आणि त्यात पास न घेता आत शिरणारे किती! आमच्या तिकिटांच्या पैशांत खेळाडूंच्या बुटांच्या नाड्याही आल्या नसत्या.

त्या दिवशी कँटीनमध्ये पेपर घेऊन मी एकच गोष्ट शोधत होतो. खेळाडू कुठे जाणार याची चर्चा होती. डेरिक परेरा तर आदल्याच वर्षी पुण्याच्या क्लबकडे गेला होता. पण किटच्या बॅगा उचलणारे, मालिश करणारे, पायाला बर्फ लावणारे, त्यांचं काय झालं? कुठे एक ओळ नव्हती. पेपर उलटासुलटा करून पाहिला.

म्हणून परवा मी विचारलं.

आणि हा एकच क्लब असता तर मी गप्प बसलो असतो. 2011 मध्ये जेसीटी गेला, ज्याने पहिली नॅशनल लीग जिंकली होती. डेरिक ज्या पुणे एफसीत गेला, तोही आज नाही. भारत एफसी एका हंगामात आटोपला. तुझी एफसी पुणे सिटी घे. तू बारावीचे क्लास बुडवून बालेवाडीला जायचीस, भिंतीला ते जांभळं-नारिंगी पोस्टर, तोंडात सारखा त्यांचा तो ब्राझीलचा मार्सेलिनो. 2017-18 मध्ये उपांत्य फेरीला पोचले, 2019 मध्ये संपले, जागा हैदराबादला. तू दोन दिवस नीट जेवली नव्हतीस. 2025 च्या जुलैत तर आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, अख्खा हंगामच अडकला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरूच्या क्लबने पगार थांबवल्याचं जाहीर केलं. खेळाडूंचे आणि स्टाफचे. स्टाफ म्हणजे तू, सानिका.

झालं, परत भाषण सुरू. माफ कर. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि माहीत असून तू गेलीस, हेच मला कळत नाही. खरं म्हणजे कळतं. मामाचा फोन आला तेव्हा मी "सानिका आता टीमबरोबर असते, मैदानात उतरते" असं इतक्या मोठ्याने सांगितलं की आईने आतून विचारलं, भांडताय का कुणाशी? शेजारच्या काकांना फिजिओ म्हणजे व्यायामवाला वाटतो. त्यांना मी हॅमस्ट्रिंग म्हणजे काय ते गेटपाशी उभं राहून समजावलं. चुकीचा पाय दाखवला असेल तर सोडून दे.

आता कामाचं. कॉन्ट्रॅक्टची सगळी पानं वाचलीस का? सही केलेलं नाही, शेवटची दोन, बारीक अक्षरांतली. हंगाम मध्येच थांबला तर किती महिन्यांचं देणार, ते त्यात लिहिलंय का? मेडिकल इन्शुरन्स फक्त खेळाडूंचा आहे की तुमचाही? लग्नाला म्हणून ठेवलेल्या पैशांतून घराचं डिपॉझिट भरू नकोस, मी पाठवतो. हॉस्पिटलच्या मॅडमना दिवाळीला फोन करत जा, तुटेपर्यंत ताणायचं कारण नाही. आरोग्य विद्यापीठाची डिग्री कुठे जात नाही हे खरंच, पण मधले चार महिने पोट कशावर भरतेस?

हे चार महिन्यांचं मला घरातूनच माहीत आहे. अंबडच्या शॉपला कुलूप लागलं तेव्हा तू नववीत होतीस. "बाबांची शिफ्ट बदलली" असं आम्ही तुला सांगितलं होतं. तू विचारलं नाहीस, पण स्कूटीवरून क्लासला जायचं बंद करून सायकल काढलीस. तेव्हापासून कुणी "क्लब चांगला आहे, मालक चांगले आहेत" म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. मालक चांगलेच असतात गं.

दुसरी बाजूही मला दिसते. महिंद्राच्या मिडफिल्डला एक खालिद जमील होता आठवतो? तुला कसा आठवेल. त्याने कोच म्हणून 2016-17 मध्ये मिझोरामच्या एवढ्याशा ऐझॉल क्लबला आय-लीग, म्हणजे नॅशनल लीगच्या जागी आलेली लीग, जिंकून दिली, आणि 2025 मध्ये तो भारताचा कोच झाला. जुना क्लब कधीच मिटला होता. पण तो खेळाडू होता, नावाजलेला. फिजिओला कोण विचारतं? असो. केरळात लोक रात्रीच्या सेव्हन्सलासुद्धा, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉललासुद्धा, मैदान भरून टाकतात म्हणे. कूपरेजला निम्मे तसे असते तर. तिकडे गर्दी किती असते ते मोजून सांग, म्हणजे मला जरा अंदाज येईल क्लब कशावर चालतो त्याचा.

आईने डब्यात शेवटी लोणचं घातलंय, ते बॅगेत उभं ठेव. अण्णांच्या गुडघ्याचा व्यायाम मी करून घेतो. तू लिहून दिलेला कागद फ्रिजवर लावलाय, ते तिसरा प्रकार चुकवतातच.

पहिला घरचा सामना कधी आहे ते कळव. आम्ही दोघं येऊ. स्टाफला पास मिळतात हे तू सांगितलंस, पण आमच्यासाठी मागू नकोस. तिकीट काढूनच येऊ, आणि अण्णा आले तर त्यांचंही.

तुझा,
बाबा