कूलरमध्ये बर्फ नको, खिडकी उघडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस) जवळ आला की ‘कूलरच्या टाकीत बर्फाची लादी सोडा’ हा सल्ला मोबाइलवरून घरोघरी पोचतो. लादीचे पैसे वाया जातात, कारण कूलर खोली गार करतो तो थंड पाण्याने नव्हे, तर पाण्याची वाफ करून.

हिशेब दहावीच्या अप्रकट उष्म्याचाच आहे. १ ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. तेवढेच पाणी कूलरच्या ओल्या ताटीवरून (बाजूला लावलेल्या वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या, जाळीवरून) उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी घेते, आणि ती घेते आत येणाऱ्या हवेतून. (पुस्तकातला ५४० हा आकडा १०० अंशांना उकळणाऱ्या पाण्याचा, ताटीवरचे पाणी न उकळताच उडते, म्हणून तो थोडा वाढतो.) मध्यम आकाराचा पत्र्याचा कूलर मे महिन्याच्या दुपारी तासाला १० लिटर पाणी सहज पितो. म्हणजे तासाला ५८०० किलोकॅलरी, विजेच्या मापात पावणेसात युनिट, उष्णता हवेतून निघते; पंखा आणि पंप मिळून वीज लागते पाव युनिटाच्या आसपास. आता ५ किलोची लादी घ्या. ती वितळून तिचे पाणी टाकीतल्या पाण्याइतके कोमट होईपर्यंत सव्वापाचशे किलोकॅलरी शोषली जाते. कूलरचे हे जेमतेम साडेपाच मिनिटांचे काम!

दुसरी चूक दारे-खिडक्या लावून घेण्याची. ही सवय एसीची. कूलरने सोडलेली वाफ बाहेर गेली नाही, तर हवेत आणखी वाफ मावेनाशी होते, बाष्पीभवन मंदावते आणि अंग चिकचिकते. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला, त्याला कोरडी हवा मिळेल असा हवा. समोरची खिडकी वीतभर तरी उघडी ठेवावी.

ताट्यांकडे मात्र फारच दुर्लक्ष होते. पाणी उडते, त्यातले क्षार उडत नाहीत. बोअरवेलचे जड पाणी असेल तर ताटीवर पांढरा थर चढतो, वुडवूलची छिद्रे बुजतात. (जुना माठ पाणी गार करेनासा होतो तो याच कारणाने.) वरच्या नळीची भोके क्षाराने बंद झाली की ताटीत कोरडे पट्टे पडतात आणि तिथून गरम वारा थेट आत शिरतो. तेव्हा भोके तारेने मोकळी करावीत. टाकीत नुसती भर घालत राहिल्यास क्षार दाट होत जातात. म्हणून दर तीन-चार दिवसांनी सगळे पाणी काढून टाकावे, म्हणजे डासांच्या अळ्याही वाढणार नाहीत. ताट्या दर हंगामाला नव्या लावाव्यात. पाणी भरताना प्लग काढलेला हवा आणि अर्थिंग तपासलेले हवे, हे दर उन्हाळ्यात शॉकच्या बातम्या वाचूनही सांगावे लागते.

पावसाळ्यात ‘कूलर बिघडला’ म्हणून मेकॅनिकला बोलावणारे कमी नाहीत. बिघडलेले काही नसते. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना चांगल्या ताट्यांचा कूलर २७ अंशांच्या आसपासची हवा देतो. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर हवेला दोन-अडीच अंशांनीच उतरवू शकतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

म्हणून एक विनंती. शहराच्या कमाल-किमान तापमानाशेजारी सायंकाळी साडेपाचची आर्द्रताही रोज, त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. आज कूलर चालेल की नाही, हे नागपूरकराला त्या एका आकड्यावरून कळेल.

– दोन पदार्थविज्ञान शिक्षक,
धरमपेठ, नागपूर