कोंडा

उदोन थानी, नोव्हेंबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, भंडाऱ्याहून थायलंडला जाऊन पुन्हा धानच बघताय?" असं फोनवर हसलीस. बघतोय खरं. उदोन थानीहून पन्नासेक किलोमीटरवर नोंग हान तालुका आहे, त्यातलं बान चियांग हे गाव. इथं पावसावर एकच पीक निघतं, आणि खायला चिकट भात. तो वाफवून बांबूच्या टोपलीत ठेवतात, बोटांनी गोळा करून तिखट चटणीत बुडवतात. दुसऱ्याच दिवशी मला तुझ्या आईचं वरण आठवलं.

नांगरणीला इथं हाताचा ट्रॅक्टर. त्याला 'ख्वाय लेक' म्हणतात, लोखंडी म्हैस! कापणी एकमेकांच्या बांधीत जाऊन करायची रीतही होती, 'लोंग खेक'. आपली इर्जिकच. आता मशीन येतं, आणि तरुण पोरं बँकॉक, तैवान, इस्रायलला कामाला.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. हे गाव उंचवट्यावर वसलंय आणि त्याच्या पोटात जुनी वस्ती आहे. १९६६ साली एक अमेरिकन विद्यार्थी झाडाच्या मुळाला अडखळून पडला, तर नाकासमोर मातीत भांड्यांचे काठ! पुढं लाल वेटोळ्यांच्या नक्षीची मडकी, काशाची कडी, मडक्यात पुरलेली तान्ही बाळंही निघाली. बाहेर भांड्यांना भाव आला तसे लोकांनी आपल्याच घराखाली खड्डे केले. शेवटी १९७२ मध्ये सरकारनं बंदी घातली. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. कोरडवाहू माणसाला दारातच पैसा सापडला होता. १९९२ पासून ही जागा युनेस्कोच्या यादीत आहे. काशाच्या वयावरून विद्वान बरीच वर्षं भांडले. आधी सांगितलेलं वय बरंच खाली आणावं लागलं.

मी थबकलो ते एका खापरावर. भाजताना तडकू नये म्हणून कुंभारानं मातीत धानाचा कोंडा मिसळला होता. हजारो वर्षांपूर्वीचा कोंडा, मनू!

खालची बांधी सपाट करताना आजोबांना जाड खापरं लागली होती, आठवतं? मीच ती धुऱ्यावर फेकून दिली. संक्रांतीला आलीस की तिकडं जाऊ. भिंग आण.

तुझे बाबा