तोडलेल्या काँक्रीटची खडी : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मुंबई-पुण्यात पुनर्विकासासाठी इमारती पाडल्या जात आहेत आणि त्यांचा राडारोडा खाजणांत, नदीकाठी, टेकड्यांच्या उतारांवर जाऊन पडतो आहे. या काँक्रीटची पुन्हा खडी करावी, असे सुचवले की ज्या शंका निघतात, त्यांतील बऱ्याच गैरसमजातून आलेल्या आहेत.

ही खडी कच्ची असते, असे साइटवर सर्रास ऐकू येते. वास्तविक काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीच्या भारतीय मानक 383 च्या 2016 मधील आवृत्तीने साध्या, म्हणजे सळई नसलेल्या, काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, एम-25 पर्यंतच्या (‘एम’चा आकडा काँक्रीटच्या ताकदीची प्रत सांगतो) आरसीसीत, म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये, 20 टक्क्यांपर्यंत आणि एम-15 पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये 100 टक्के अशी खडी वापरण्यास मुभा दिली आहे. खरी अडचण वेगळी आहे. दाण्यांना जुना सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो आणि तो पाणी ओढतो; खडी आधी भिजवून घेतली नाही, तर कालवलेले काँक्रीट कोरडे पडते, मिस्त्री वरून पाणी ओततो, त्या जादा पाण्याने ताकद घटते आणि दोष मात्र खडीवर येतो.

दुसरा गैरसमज कौतुकातून पसरला आहे. काँक्रीट दळले की सिमेंट परत मिळते आणि कार्बन उत्सर्जन फार घटते, असे सांगितले जाते. पाण्याशी एकदा संयोग झालेले सिमेंट नुसते दळून पुन्हा सिमेंट होत नाही. सिमेंटच्या उत्सर्जनाचा मोठा भाग भट्टीत तापवलेल्या चुनखडीतूनच निघतो आणि नव्या काँक्रीटला नवे सिमेंट लागतेच. पुनर्वापराने वाचतात ते दगडखाणींसाठी फोडले जाणारे डोंगर आणि राडारोड्याखाली जाणारी जमीन. माझ्या मते तेवढे कारण पुरेसे आहे. खोटे आश्वासन जोडले, तर ते उघडे पडताच चांगले कामही बदनाम होईल.

सळईची चिंता नको, ती क्रशरनंतर चुंबकाने निघते. जिप्सम, लाकूड, प्लास्टिक मात्र पाडतानाच वेगळे काढावे लागते.

बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्याविषयीच्या केंद्राच्या 2016 च्या नियमांनी सरकारी आणि पालिकांच्या कंत्राटांत अशा साहित्याची 10 ते 20 टक्के खरेदी सक्तीची करण्यास सांगितले होते. हे प्रमाण आपण विभागाच्या प्रत्येक निविदेत कामाच्या प्रकारानुसार स्पष्ट लिहावे, खडी भिजवण्याची आणि तपासण्याची अट त्यातच घालावी, आणि सुरुवात विभागाच्याच आवारांतील पदपथांखालच्या पीसीसीपासून (साध्या काँक्रीटच्या थरापासून) करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे