पेंटर गेला

लालबाग, मुंबई

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आवाज असा का येतोय?" सर्दी नव्हती गं. पेंटर गेला. पहाटे झटका आला, हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तुला तो आठवत असेल तो गणपतीत मंडळाचे पडदे रंगवणारा, खिशात तंबाखूची पुडी ठेवणारा, तुला "काय मॅडम" म्हणून चिडवणारा काका. तो काका होण्याआधीचा पेंटर तुला ठाऊक नाही. तुझ्या आईला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मला पाठ झालंय सगळं, पोरीला लिहा."

आठवी ते दहावी आम्ही एका बाकावर. वर्गातल्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम त्याचं. सुविचार सरांचा, अक्षर ह्याचं. खडू तिरका धरून तो जाडबारीक रेघ अशी काढायचा की फळा पुसायला कुणी धजत नसे. गणिताचे सर बिचारे उरलेल्या कोपऱ्यात प्रमेय सोडवायचे. शिरोरेषा तो शेवटी मारायचा. म्हणायचा, "आधी अक्षरं नीट उभी राहू देत, मग डोक्यावर छप्पर."

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आमची बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर होती. साठेक गिरण्या, अडीच लाख कामगार, हे तू वाचलं असशील. आम्हा पोरांना आधी जाणवली ती शांतता. सकाळच्या पाळीचा भोंगा वाजेना. अर्धी चाळ भोंग्यावर उठायची, त्यामुळे पहिले काही दिवस सगळ्यांनाच शाळेत उशीर. आम्हाला मजा वाटली, खोटं कशाला सांगू.

त्याचे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, तुझे आजोबा बेस्टमध्ये कंडक्टर. आमच्याकडे महिन्याचा पगार येत राहिला. त्यांच्याकडे आधी भिशी मोडली, मग आईच्या पाटल्या गेल्या, मग तांब्यापितळेची भांडी. मे महिन्यात आई धाकट्या दोघांना घेऊन कणकवलीला गेली, ती तिकडचीच झाली. वडील इथेच थांबले. कुणी काही विचारलं की एकच उत्तर, "डॉक्टर सांगतील तसं." डॉक्टर म्हणजे दत्ता सामंत. त्या माणसावर ह्या लोकांचा जो विश्वास होता, तसा नंतर कुठल्याच पुढाऱ्यावर बसलेला मी पाहिला नाही.

निकाल लागला. गणितात त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क. मी कॉलेजात गेलो, तो दादरला एका साइनबोर्डवाल्याकडे ब्रश धुवायला. आमच्यात हुशार कोण होता, हे आमच्या वर्गातल्या कुणालाही विचार.

संध्याकाळी कामावरून आला की नाक्यावरचा संपाचा फळा तोच लिहायचा. सभा कुठे, मोर्चा किती वाजता, धान्यवाटप कधी. संप मिटला अशी बातमी त्या फळ्यावर कधी आलीच नाही. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही ना, नुसता विरत गेला. 1983 च्या जूनमध्ये त्याच फळ्यावर वर्ल्ड कपचा स्कोअर लिहिला होता. अक्षर अर्थात पेंटरचं. त्याच्या वडिलांना परत कामावर घेतलं नाही.

पुढे त्याचं बरं चाललं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मजकूर, निवडणुकीच्या भिंती. मग फ्लेक्स आला आणि रात्रीत चार फुटी चेहरे छापून मिळायला लागले. हाताने अक्षर काढणाऱ्याला कोण विचारतो? गिरणी बापाची गेली, ब्रश ह्याचा. तरी नोकरीसाठी त्याने कुणाचे पाय धरले नाहीत. मी एकदोनदा शब्द टाकायची तयारी दाखवली तर माझ्यावरच उखडला. भयंकर तापट माणूस. उसने पैसे विसरायचा तेही सांगून ठेवतो, नाहीतर तू त्याला संत समजशील.

त्याचं खरं काम ह्यानंतरचं. गिरणी कामगारांना म्हाडाची घरं मिळणार म्हटल्यावर 1982 साली कामावर असल्याचा पुरावा हवा होता. म्हातारे लोक पिशव्या घेऊन यायचे. हजेरीकार्ड, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, विरलेली पगाराची पावती. पेंटर जिन्याखाली टेबल टाकून बसायचा आणि फॉर्म भरून द्यायचा, चहाच्या पैशांवर. काळी शाई, एकेका चौकटीत एकेक अक्षर. रकान्याबाहेर रेघ गेलेली त्याला खपायची नाही.

गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं, हे तो फरशीवर खडूने दाखवायचा. मोठा चौकोन काढायचा, तीन भाग करायचा. 1991 च्या नियमाप्रमाणे एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. मग ओल्या फडक्याने पुसायचा आणि कोपऱ्यात बोटभर तुकडा काढायचा. "2001 ला नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जागेची. आता ह्याचे तीन भाग कर." समोरच्या म्हाताऱ्याला कायदा कळायचा नाही, चित्र बरोबर कळायचं.

2012 च्या सोडतीत 6,925 घरं होती आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. त्याने भरलेल्या फॉर्मांपैकी काहींचे नंबर लागले, पेढे आले. वडिलांच्या नावाचा त्याचाही अर्ज होता. लागला नाही. अलीकडे मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घरं देण्याचं निघालं तेव्हा जिन्याखालून ओरडला, "गिरणी काय वांगणीला होती?" सबंध चाळ हसली. एवढा चढा आवाज त्यानंतर नाही ऐकला.

दहाव्याला शाळेतले बरेच जण आले होते. माईक हातात आला की लोक फार गोड बोलतात. मी बोललो नाही. एक आजी मात्र माझा हात धरून विचारत होत्या, "माझे कागद कुणाकडे आता?" त्याच्या खाटेखाली फायलींची थप्पी आहे. प्रत्येकीवर नाव, गिरणी, खातं, गिरणीने कामगाराला दिलेला तिकीट नंबर, सगळं त्याच्या हाताने लिहिलेलं. लोकांचे मूळ कागद आहेत, हरवून चालायचं नाही.

रविवारपासून मी आणि त्याचा मुलगा बसणार आहोत. ज्याचे त्याला परत करायचे, त्याआधी प्रत काढून ठेवायची. कार्डं इतकी जुनी आहेत की घडीवर तुटतात. मोबाइलवर फोटो काढून बघितला तर सावली पडते, नंबर वाचता येत नाही. असे कागद फाटू न देता स्कॅन करायला कुठलं मशीन घ्यावं, ते तुझ्या ऑफिसात विचार आणि कळव. फार महागातलं नको.

आईचा गुडघा बरा आहे.

तुझा,
बाबा