मैदानावरच्या मामांना, विजेत्या संघाकडून

मामा, स.न.वि.वि.

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचं विजेतेपद यंदा आपल्या कॉलेजकडं आलं. गोल कुणी मारले याचा हिशेब सगळ्या कोल्हापुरानं मांडला. मैदान कुणी राखलं, हे कुणी विचारलं नाही. म्हणून हे जाहीर आभार.

आपलं मैदान काळ्या मातीचं. पावसात चिकटतं, उघडीप पडली की भेगाळतं. अशा ठिकाणी बरेच संघ चेंडू उंच उडवून मोकळे होतात. आपला संघ बचावफळीपासून जमिनीवरून पास देत गेला, कारण पास जिथं द्यायचा तिथंच जात होता. हरळी तुम्ही 3 सेंटिमीटरवर राखलीत. त्याहून वाढली की ओल्यात चेंडू अडतो, फार खाली कापली की माती उघडी पडते आणि चिखल होतो.

सर थांबली की रोलर फिरवा, असा पोरांचा हट्ट. तुम्ही ऐकलं नाहीत ते बरं झालं. ओली काळी माती दाबली की तिच्यातल्या पोकळ्या बुजतात, पुढचं पाणी वरच तुंबतं. बुटाचा ठसा उमटतो पण माती तळव्याला लागत नाही, रोलरची वेळ तीच.

सगळ्यात नाठाळ जागा गोलपोस्टसमोरची. गोलकिपरच्या पायांनी तिथं खळगा पडतो. वरून नुसती माती टाकली तर पुढच्या पावसात तिची लापशी होते. तुम्ही पहारीनं वीतभर खोल भोकं पाडलीत, कोरडी वाळू ठासलीत, मग मुळांसकट हरळी लावलीत आणि सरावाचं गोलपोस्ट बाजूला सरकवलंत. ती जागा रुजेपर्यंत तिथं कुणाला फिरकू दिलं नाहीत, प्रशिक्षकांनाही नाही!

फक्कीचं, म्हणजे मैदानावरच्या पांढऱ्या रेघांचं, तर वेगळंच. कोपरा काढायला दोरीवर 3, 4, 5 मीटरचा त्रिकोण, मग कर्णांची पडताळणी: 100 बाय 64 च्या मैदानाला दोन्ही कर्ण 118.73 मीटर यायलाच हवेत. मोठी डी, म्हणजे गोलसमोरचा पेनल्टीचा चौकोन, पोस्टच्या आतल्या कडेपासून दोन्ही बाजूंना 16.5 मीटर, म्हणजे एकूण रुंदी 40.32. बाहेरच्या कडेपासून टेप धरला आणि पोस्ट 12 सेंटिमीटर जाडीचा असला, तर डी 24 सेंटिमीटरनं फुगते. पेनल्टीचे वाद कधीकधी एवढ्याशावरून होतात. चुना ओला झाला की घसरणाऱ्याची कातडी भाजतो, म्हणून तुम्ही पांढरी रांगोळी वापरलीत. पावसात तीही वाहून जाते, पण सामन्याच्या सकाळी रेघा पुन्हा मारलेल्या असायच्या.

कोपऱ्यातल्या चराला उतार कमी पडतोय, हे तुमचं म्हणणं प्राचार्यांच्या कानावर घातलंय. दोन ब्रास वाळूचा अर्जही दिलाय. वाळू आली की चाळायला संघ येईल. चाळण्या तेवढ्या तुम्ही काढून ठेवा.

आपला,
फुटबॉल संघ